बेलापूरची नामांकित वकील फर्म: भाडेकराराचा अनुभव

दोन स्टार. दोन्ही तिथल्या ज्युनिअर वकील मुलीचे, फर्मचा त्यात एकही नाही.

सीवूड्सचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. काम कुठलाही एजंट करून देतो, पण पुढे मृत्युपत्रही करायचं होतं, म्हणून मोठ्या ठिकाणी गेलो. काचेचं ऑफिस, कॉफी, भिंतीवर बड्या लोकांबरोबरचे फोटो. मसुदा चोख. अंगठे घ्यायला माणूस घरी आला. इथवर तक्रार नाही.

बिलात फी वेगळी आणि खाली एक ओळ: ‘सरकारी शुल्क व कार्यालयीन खर्च ९,८००’. मी तुर्भ्याच्या कंपनीत अकाउंट्सला होतो, व्हाउचरशिवाय चहाचे पैसेही सोडले नाहीत. सरकारी भरण्याचं चलन मागितलं, तर साहेब म्हणाले, “काका, ते ऑफिस रेकॉर्ड असतं.”

ते आणून दिलं त्या मुलीने. “तुमचंच चलन आहे काका, तुम्हाला मिळायलाच हवं.” हिशेब सरळ आहे. भाडं ३०,०००, मुदत ३६ महिने, म्हणजे १०,८०,०००. एक लाखाच्या परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरायचं, ते ३०,०००. एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक २,७७५. नोंदणी फी १,०००. झाले ३,७७५. वरचे ६,०२५ कुठे गेले?

बिलं फायलींना लावताना तिला असाच फरक जागोजागी दिसला होता. सीनिअरला विचारलं, तर उत्तर, “वर द्यावे लागतात.” अहो, करार ऑनलाइन, कुठल्या कचेरीची पायरी चढलो नाही, मग वर कोण बसलंय? पुढे तिला कळलं की पैसे गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटांना जातात. बिगरवकिलाशी फी वाटून घ्यायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांत मनाई आहे. तिने हे लेखी दिलं, तेव्हा तिचं टेबल झेरॉक्स मशीनशेजारी गेलं. मग तिने राजीनामा दिला. एवढं सांगताना दुसऱ्या एकाही अशिलाचं नाव तिने काढलं नाही, हे मला फार आवडलं.

मी आवाज चढवल्यावर ६,०२५ परत मिळाले. रोख, पाकिटात. पावती मागितली, तर “कशाला काका, मिटलं ना?”

मिटलेलं नाही. ग्राहक आयोगाचं दार बंद आहे. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे. उरलं वकिलाच्या गैरवर्तनाबद्दलचं अधिवक्ता अधिनियम १९६१ चं कलम ३५. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करतोय, बिल आणि चलन जोडून. मृत्युपत्र त्या मुलीकडेच दिलंय. त्याला मुद्रांक लागत नाही, हे तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं.