पन्नाशीत नोकरी शोधताय? 'सिनियर प्लेसमेंट'वाल्यांचा फोन आला तर पैसे देण्याआधी हे वाचा

ज्यांची नोकरी जाऊन बरेच महिने झालेत आणि वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे आहे त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा माणूस असतोच.

प्लेसमेंटच्या नावाखाली माझे पैसे गेले. किती गेले ते इथे सांगत नाही, बायकोला माहितीये तेवढं पुरे. पण कसे गेले ते सगळं सांगतो, कारण नंतर चौकशी केल्यावर कळलं की या लोकांची पद्धत ठरलेली आहे आणि आपल्यासारख्यांवर ती जास्त चालते.

मी आयुष्यभर क्वालिटी डिपार्टमेंटला. कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, त्यांच्याकडे क्वालिटीची माणसं आधीच होती, मग आम्ही घरी. सुरुवातीला टेन्शन नव्हतं, एवढा अनुभव आहे, मिळेल की कुठेतरी. मग अर्ज करत गेलो आणि कळलं की साधा नकारसुद्धा येत नाही. नकार आला तर माणूस पुढे तरी सरकतो ना. 'तुमचा अर्ज मिळाला' असा आपोआप आलेला मेल येतो आणि त्यानंतर काहीच नाही, फोन केला तर 'कळवू' म्हणतात आणि कळवत नाहीत. आकडेवारी ठेवणारे साधारण १२ महिने उलटले की माणसाला दीर्घकालीन बेरोजगार म्हणतात, अमेरिकेत तर २७ आठवड्यांतच. मी दोन्ही हिशोबांनी कधीच त्यात जाऊन बसलो होतो.

अशात एका जॉब साइटवर रिझ्युमे अपडेट केला आणि लगेच एकाचा फोन आला, आम्ही फक्त सिनियर लोकांच्या प्लेसमेंट करतो म्हणाला. त्याने रिझ्युमे खरंच वाचला होता हो. मी केलेल्या ऑडिट्सची नावं घेऊन बोलत होता. आधीची कंपनी का सुटली ते विचारलं, मधे न बोलता ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "सर, तुमचं वय हा प्रॉब्लेमच नाहीये, तुमची किंमत कळणाऱ्या माणसापर्यंत तुमची फाइल पोचत नाहीये." माझं म्हणणं एवढंच आहे की इथे लक्ष द्या. इतक्या महिन्यांत माझ्याशी धड बोललेला पहिला माणूस तो होता. खऱ्या कंपन्या आठवडेच्या आठवडे उत्तर देत नाहीत आणि हे लोक दहा मिनिटांत देतात, रात्री मेसेज टाकला तरी देतात. त्यांचा सगळा धंदा या फरकावर चालतो.

त्याच्या बोलण्यातलं बरंचसं अर्धं खरं होतं, म्हणून तर पटलं. गॅप जास्त असला की बोलावणी कमी येतात हे खरंच आहे. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोटे रिझ्युमे पाठवून हेच तपासलं होतं, बेरोजगारीचा काळ जितका लांब तितके फोन कमी, आणि बरीचशी घसरण पहिल्या ८ महिन्यांतच होते असं निघालं. वयाचंही तसंच, तिथेच ४० हजारांवर अर्ज पाठवून केलेला २०१९ चा अभ्यास आहे, त्यात निवृत्तीच्या वयाजवळच्या लोकांना, आणि बायकांना तर जास्तच, कमी बोलावणी आली. म्हणजे दुखणं खरं आहे, औषध बनावट. तो पुढे म्हणाला, "सर, ७५ टक्के रिझ्युमे माणसाच्या हातात जायच्या आधी सॉफ्टवेअरच फेकून देतं." हा आकडा तुम्हीही ऐकला असेल, सगळीकडे फिरतो, पण त्याच्यामागे धड अभ्यास कुणी दाखवत नाही, आणि तो सगळ्यात जास्त सांगतात कोण तर रिझ्युमे लिहून देण्याचे पैसे घेणारे.

मग पैसे. पहिली रक्कम अगदी किरकोळ, रिझ्युमे 'सॉफ्टवेअरला चालेल असा' करून देण्याची. आणि करून दिला खरंच, बरा होता. त्यामुळे पुढची 'प्रोफाइल अ‍ॅक्टिव्हेशन' फी मागितली तेव्हा शंका यायला जागा उरली नाही. मग इंटरव्ह्यू लागला. त्यानंतर कागदपत्रांच्या पडताळणीचं डिपॉझिट, 'रिफंडेबल सर, पहिल्या पगारात परत'. मग लॅपटॉपचं डिपॉझिट. रक्कम प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी आणि वेळ आधीपेक्षा कमी, 'एचआर आज संध्याकाळी फाइल क्लोज करतंय' वगैरे. खातं दरवेळी वेगळं आणि कुणातरी माणसाच्या नावाचं, कंपनीच्या नावाचं एकदाही नाही. विचारलं तर 'ऑडिट चालू आहे सर, म्हणून सध्या मॅनेजरच्या खात्यात'. आणि एकदा चार पैसे अडकले की डोक्यात चक्र उलटं फिरायला लागतं, आता थांबलो तर आधीचे पण गेले, हे अजून एक भरलं की संपलं. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

इंटरव्ह्यूबद्दल जरा जास्त सांगतो. व्हिडिओ कॉल होता, समोर दोघं, एकाचा कॅमेरा बंद, 'नेटवर्कचा इश्यू'. प्रश्न बरे होते, पण नंतर आठवून बघितलं तर सगळे माझ्याच रिझ्युमेतल्या ओळींवरून काढलेले. आणि मुख्य म्हणजे गॅपबद्दल एक अक्षर नाही! ज्यांनी मोठ्या गॅपनंतर खरे इंटरव्ह्यू दिलेत त्यांना विचारा, बसायच्या आधी तोच प्रश्न येतो, इतके दिवस काय करत होतात. इथे कुणाला पडलेलीच नव्हती. पगारावर घासाघीस नाही, आधीच्या साहेबाचा नंबर मागितला नाही, 'तुमच्यापेक्षा वयाने लहान बॉस चालेल का' नाही. इतका सन्मान खऱ्या इंटरव्ह्यूमध्ये मिळत नाही आपल्या वयात, हे कडू आहे पण असंच आहे.

ऑफर लेटर आलं त्यावर कंपनी खरी, लोगो खरा, पत्ता पण खरा. मेल मात्र कंपनीच्या वेबसाइटच्या नावाला पुढे 'करिअर्स' जोडून बनवलेल्या पत्त्यावरून. पगार माझ्या जुन्या पगाराएवढाच, कारण तो मीच फोनवर सांगितला होता. जॉइनिंगची जागा 'नंतर कळवण्यात येईल'. मुलीने लेटरवरचा नंबर सोडून दिला आणि कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून थेट तिथे फोन लावला, आमच्याकडे अशी जागाच नाही असं दोन मिनिटांत उत्तर मिळालं. तुम्हीही असंच करा, लेटरमधल्या नंबरवर फोन करून खात्री करण्यात काही अर्थ नाही, तो उचलणारा त्यांचाच माणूस असतो.

मी त्याला फोन करून पैसे परत मागितले. तोपर्यंत मी 'सर' होतो, त्या दिवशी 'काका' झालो. "काका, असं नसतं हो, प्रोसेसला टाइम लागतो." दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

एक नियम म्हणून सांगतो, नोकरी लावून देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही, कंपनीकडून घेतो. माणूस कंपनीला हवा असतो, बिल तिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खासगी रोजगार एजन्सींबद्दलचा करार आहे, १९९७ चा, क्रमांक १८१, त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे की एजन्सीने कामगाराकडून फी किंवा खर्च थेट किंवा आडमार्गाने, पूर्ण किंवा थोडासुद्धा घेऊ नये. काही अपवादांची सोय ठेवलीये आणि सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण धंदा सरळ कसा असतो ते त्यातून कळतं. साधा विचार करा, तुम्ही आधीच पैसे भरले तर तुम्हाला नोकरी लावण्यात त्याचा फायदा काय राहिला? रिझ्युमे लिहून घ्यायचाय, कोर्स करायचाय तर खुशाल पैसे देऊन करा, ती सेवा झाली. नोकरीच्या बदल्यात फी, डिपॉझिट, पडताळणी, लॅपटॉप, युनिफॉर्म असं काहीही आलं की फोन ठेवा.

'लोभामुळे लोक फसतात' असं ऐकवणारे भेटतात, मला भेटले. कसला लोभ? मी लॉटरी मागत नव्हतो, जुन्या पगारात जुनंच काम मागत होतो.

पैशांइतकीच काळजी कागदपत्रांची घ्या. माझ्याकडून त्यांनी ओळखपत्र, फोटो, सही, बँकेचा कॅन्सल केलेला चेक, सगळं घेतलं, आणि एवढ्यावर कुणीही तुमच्या नावाने कर्ज काढायचा प्रयत्न करू शकतो. मी बँकेत त्याच दिवशी कळवलं, पोलिसांत तक्रार दिली, आणि आता अधूनमधून क्रेडिट रिपोर्ट काढून बघतो की न काढलेलं कर्ज तर दिसत नाहीये ना. बँकेला जितक्या लवकर सांगाल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार पटकन फिरतात. माझे परत आले नाहीत. मेसेज, लेटर, खात्यांचे नंबर काहीही डिलीट करू नका, रागाच्या भरात पहिलं तेच होतं. आणि घरात सांगा, कारण लपवायला लागलं की पुढच्या रकमेला अडवणारं कुणी राहत नाही.

अजून एक, हे शेवटी झालं म्हणून शेवटी. तक्रारीनंतर काही दिवसांनी एका बाईंचा फोन आला, ऑनलाइन फसलेल्यांचे पैसे परत मिळवून देणारा विभाग म्हणे. माझं नाव, कुठल्या तारखेला किती गेले, सगळं तोंडपाठ. पोलिसांशिवाय हा हिशोब फक्त ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याकडे होता, म्हणजे यादी विकली तरी होती किंवा टोळी तीच. बोलायला एकदम गोड, रक्कम मंजूर झाली आहे म्हणाल्या, फक्त ती सोडवून घेण्यासाठी आधी एक छोटी प्रोसेसिंग फी भरायची होती.