एजंटसाठी कॉन्फिग टूलची माहिती कुठे लिहावी: रेपोतल्या फाइलमध्ये की टूलच्या वर्णनात?

कन्सल या सॉफ्टवेअरच्या की-व्हॅल्यू स्टोअरमधून (नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साठ्यातून) सेटिंग वाचून देणारा एक छोटा एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआय एजंटला टूल्स पुरवणारा प्रोग्राम, आम्ही टीममध्ये बनवला. त्यात तीनच टूल्स आहेत. एक सेटिंग आणून देतं, एक सर्व्हिसच्या सगळ्या सेटिंग्जची नावं दाखवतं आणि तिसरं दोन एन्व्हायर्नमेंटमधला (चाचणीचं स्टेजिंग, प्रत्यक्ष वापरातलं प्रॉडक्शन वगैरे) फरक काढतं. कोड आठवड्याभरात झाला. एजंटला ते नीट वापरता यावं म्हणून काय लिहायचं आणि कुठे लिहायचं, हे ठरवायला मात्र दोन महिने लागले. तुम्हीही याच वळणावर असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आम्ही सुरुवात फाइलपासून केली. रेपोच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, रूटमध्ये एजंट्स डॉट एमडी ही एजंटसाठी सूचना लिहायची फाइल आणि त्यात कॉन्फिगचा एक भाग. फाइलचे फायदे खरे आहेत आणि मी ते आजही मानतो. लिहायला मोकळी जागा मिळते. सेटिंगचं नाव 'सर्व्हिस, तिरकी रेघ, विषय' असंच का असतं, कोणती सेटिंग कोणाला विचारल्याशिवाय बदलायची नाही, असली पार्श्वभूमी तिथेच शोभते. बदल पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे तपासणीसाठी मांडलेल्या प्रस्तावातून जातो, चार जण वाचतात. नवा माणूस टीममध्ये आला की त्यालाही तीच फाइल देता येते.

फाइल वाढत गेली, म्हणून कॉन्फिगचा भाग आम्ही वेगळ्या फाइलमध्ये काढला आणि रूटच्या फाइलमध्ये 'आधी हे वाच' एवढी एक ओळ ठेवली. अडचण इथून सुरू झाली.

एका दुपारी एजंट पेमेंट सर्व्हिसवर काम करत होता. त्याने स्टेजिंगमधली टाइमआउटची सेटिंग मागितली. ती तिथे नव्हतीच, आणि आमचं टूल तेव्हा अशा वेळी रिकामी स्ट्रिंग परत करायचं. एजंटने ३० सेकंद धरून पुढचा कोड लिहिला. आमच्या सर्व्हिसमध्ये सेटिंग नसेल तर ५ सेकंद धरले जातात. रिव्ह्यूमध्ये सहकाऱ्याच्या नजरेला ते पडलं म्हणून निभावलं. मला टोचलं ते वेगळंच. आमच्या फाइलमध्ये अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं: रिकामं उत्तर म्हणजे सेटिंग नाही, डीफॉल्ट मनाने धरू नये, कोडमध्ये पाहावं. मी एजंटच्या कामाची नोंद उघडून पाहिली. सकाळी सेशन सुरू झालं तेव्हा त्याने ती फाइल पूर्ण वाचली होती. पण सेशन लांबलं, मधल्या संभाषणाचा सारांश झाला आणि त्या सारांशात ही ओळ उरली नव्हती. लिहिलेलं होतं, वाचलेलंही होतं, फक्त गरजेच्या क्षणी त्याच्या समोर नव्हतं.

हे दोनदा घडलं, तिसऱ्यांदा मी वाट पाहिली नाही.

टूलचं वर्णन आणि त्याचा जेसॉन स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची याचा साचा) एजंटच्या हाताशी टूल असेपर्यंत प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. सारांश होवो न होवो, ते जागचे हलत नाहीत. आमचं जुनं वर्णन होतं 'कॉन्फिग व्हॅल्यू आणते', बस. आता ते असं आहे: 'एका सर्व्हिसची एक सेटिंग दिलेल्या एन्व्हायर्नमेंटमधून वाचते. काहीही बदलत नाही. सेटिंग नसेल तर एरर येते. अशा वेळी डीफॉल्ट धरू नका, सर्व्हिसच्या कोडमध्ये पाहा. नाव माहीत नसेल तर आधी नावांची यादी मागवा.'

याच्या जोडीला टूलही बदललं. रिकामी स्ट्रिंग बंद केली. आता उत्तरावर एररची खूण लागते आणि मजकुरात मिळत्याजुळत्या तीन नावांची सूचना जाते. ही एरर टूलच्या निकालातच द्यावी. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही. एन्व्हायर्नमेंटसाठी स्कीमात तीनच पर्याय बांधून दिले. पूर्वी एजंट कधी 'प्रॉड' लिहायचा, कधी 'प्रॉडक्शन', ते थांबलं. कन्सलचा एचटीटीपी एपीआय व्हॅल्यू बेस-६४ या सांकेतिक रूपात देतो. 'हे डीकोड करून घ्या' अशी ओळ आमच्या फाइलमध्ये होती. आता टूलच डीकोड करून देतं आणि ती ओळ काढून टाकली. वर्णन लिहायला बसलं की टूलमधल्या अशा उणिवा दिसतात, आणि मला वाटतं त्या शब्दांनी झाकण्यापेक्षा कोडमध्ये भराव्यात.

पासवर्डचंही तसंच. 'गुप्त व्हॅल्यू मागू नये' हे वर्णनात लिहिलं तरी ते कुलूप नव्हे. 'फक्त वाचतं' ही एमसीपीमधली खूणसुद्धा केवळ सूचना असते. आमच्या टूलच्या टोकनला, म्हणजे प्रवेशाच्या किल्लीला, गुप्त व्हॅल्यूंच्या फोल्डरची परवानगीच नाही.

वर्णनाच्या बाजूने बोलताना त्याचा खर्चही सांगायला हवा. प्रत्येक शब्दाचे टोकन (इथे, मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) दर वेळी मोजले जातात. आमची तीनच टूल्स आहेत म्हणून परवडतं, चाळीस असती तर मी हात आखडता घेतला असता. वर्णन कोडमध्ये असल्यामुळे एक शब्द बदलायलाही नवी आवृत्ती काढावी लागते, आणि काही क्लायंट (एजंट चालवणारे प्रोग्राम) सेशन पुन्हा सुरू केल्याशिवाय नवं वर्णन उचलत नाहीत. तरीही फाइलची प्रत अकरा रेपोंमध्ये सांभाळण्यापेक्षा मला हे सोपं गेलं.

मी काटेकोर मोजमाप केलेलं नाही. वर्णनात बदल केला की नव्या सेशनमध्ये ठरलेले दहा प्रश्न विचारतो आणि एजंट कोणतं टूल कसं बोलावतो ते पाहतो. त्यातला एक प्रश्न मुद्दाम नसलेल्या सेटिंगचा असतो. गेल्या तीन महिन्यांत मनाने धरलेला आकडा एकदाही आलेला नाही.

तुमचं टूल एकाच रेपोत, छोट्या कामांसाठी वापरलं जात असेल, तर फाइल पुरेशी ठरू शकेल, तिथे उगाच घाट घालू नये. सेशन तासन्‌तास चालत असतील तर वर्णनापासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. आमची फाइल अजून आहे, साधारण चाळीस ओळींची. तिच्यात सेटिंग्जची नावं अशी का आणि बदल कोणाला विचारून करायचा, एवढंच ठेवलंय.