टीआयएल, पीडी-एल१ की एमएमआर: बायोप्सीच्या ब्लॉकवर नक्की कोणती टेस्ट करायची

घरात कुणाची बायोप्सी झालीये, डॉक्टर इम्युनोथेरपीचं नाव काढतायत आणि समोर टेस्टची लांबलचक यादी आहे, अशा नाशिककरांसाठी लिहितोय. सगळ्या करून टाकू असं म्हणू नका, तिन्ही टेस्ट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि त्यातला तुमच्या कामाचा प्रश्न बहुतेकदा एकच असतो.

आधी थोडक्यात. आपल्या टी-सेल, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, गाठीत शिरतात, पण गाठ पीडी-एल१ नावाचं प्रोटीन पुढे करून त्यांना ब्रेक लावते, आणि पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही औषधं तो ब्रेक सोडवतात. अशा ब्रेकवरच्या कामासाठीच ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आता गाठीत टी-सेलच नसतील तर ब्रेक सोडून होणार काय, म्हणून आत कोण बसलंय ते बघायचं.

टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेले लिम्फोसाइट, ह्या पांढऱ्या पेशी, टी-सेल त्यातल्याच. ह्याला वेगळी टेस्ट लागत नाही, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाईडवरच पॅथॉलॉजिस्ट टक्केवारी सांगू शकतात, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम २०१४ मधे आले. ट्रिपल निगेटिव्ह (दोन हार्मोन रिसेप्टर आणि हर२ हे तिन्ही नसलेल्या) ब्रेस्ट कॅन्सरमधे टीआयएल जास्त असतील तर केमोचा परिणाम चांगला आणि पुढचं चित्रही बरं असं पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यामुळे रिपोर्टात आकडा नसेल तर मागा, स्लाईड बनलेलीच असते. पण त्यावरून औषध ठरत नाही, अंदाज येतो एवढंच. शिवाय जास्त म्हणजे चांगलंच असंही नाही. सीडी८ टी-सेल, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या, बहुतेक ठिकाणी फायद्याच्या, पण प्रतिकार आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी-सेल आणि काही मॅक्रोफेज (दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) गाठीलाच सांभाळून घेतात, आणि किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरमधे तर सीडी८ जास्त असलेल्यांचं चित्र उलट वाईट दिसलंय. आतड्याच्या कॅन्सरसाठी इम्युनोस्कोर निघालाय, गाठीच्या मधोमध आणि कडेला सीडी३ (सगळ्या टी-सेल) आणि सीडी८ मोजतात, २०१८ मधे तो मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासला गेला, तोही आजार परत यायची शक्यता सांगतो.

पीडी-एल१ चं मात्र अवयवावर आहे सगळं. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमधे २०१६ च्या ट्रायलमधे, पीडी-एल१ ५०% किंवा जास्त आणि ईजीएफआर-एएलके ह्या जीन्सचे बदल नसलेल्या पेशंटमधे नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब केमोपेक्षा सरस ठरलं. म्हणजे फुफ्फुस असेल तर ही टेस्ट हवीच, पण सोबत ईजीएफआर-एएलके पण हवं, आपल्याकडे ईजीएफआर बरंच सापडतं आणि तिथे गोळ्यांचा मार्ग आधी. ट्रिपल निगेटिव्हमधे गंमत आहे, पसरलेल्या आजारात सीपीएस (पीडी-एल१ चा एक स्कोर) १० किंवा जास्त असेल तर केमोला पेम्ब्रोलिझुमॅब जोडायचा विचार होतो, पण सर्जरीआधीच्या उपचारात पीडी-एल१ कितीही असला तरी फायदा दिसला, मग तिथे ह्या टेस्टवर खर्च कशाला? आणि हो, टीपीएस आणि सीपीएस हे दोन वेगळे हिशोब आहेत, टीपीएसमधे फक्त गाठीच्या पेशी धरतात, सीपीएसमधे रोगप्रतिकारक पेशीही, शेजारच्यांच्या रिपोर्टशी तुलना करत बसू नका.

एमएमआर माझ्या मते सगळ्यात सरळ. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीन आहेत की गेलीत एवढंच बघायचं. गेली असतील तर गाठीत खूप म्युटेशन जमतात, टी-सेलना ती परकी वाटते आणि त्या गर्दी करतात. अमेरिकेत २०१७ मधे अवयव कुठलाही असो, एमएमआर बिघडलेला पसरलेला कॅन्सर असला आणि आधीचे उपचार करून झाले असले तर पेम्ब्रोलिझुमॅबला मंजुरी मिळाली. २०२२ मधे गुदाशयाच्या अशा पहिल्या १२ पेशंटमधे डोस्टार्लिमॅब ह्या तशाच ब्रेक सोडवणाऱ्या औषधाने १२ च्या १२ गाठी तपासणीत दिसेनाशा झाल्या, सर्जरी लागली नाही. पण बिघाड सापडणारे थोडे, आतड्याच्या कॅन्सरमधे साधारण १५%, पसरलेल्यात त्याहून कमी. तरी आतडं किंवा गर्भाशय असेल तर मी हीच आधी करेन, कारण लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा एमएमआरचा बिघाड) निघाला तर भावंडांची तपासणीही ठरते.

तोंडाच्या कॅन्सरला, जो आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे घरोघरी ऐकू येतो, एमएमआर सहसा काही देत नाही. तिथे पैशाचा प्रश्न जास्त, आणि त्यावर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा २०२२ चा अभ्यास डॉक्टरांना जरूर विचारा: निवोलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, त्याऐवजी फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक (कमी डोस, सतत) केमोसोबत, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३% वरून ४३.४% वर गेलं. हे बरा न होणाऱ्या, पुढे गेलेल्या आजारातलं आहे, पहिल्या स्टेजला लावू नका.

टेस्ट सांगितली की एकच विचारायचं, रिपोर्ट कसाही आला तरी तुमचा प्लॅन तोच राहणार असेल तर ही कशासाठी? आणि टेस्ट इथेच होते की ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मुंबईला जातो तेही विचारून घ्या, दिवस त्यातच जातात. पंचवटी एक्सप्रेसने परळला टाटात जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नको, लॅबकडून ब्लॉक आणि स्लाईड सही करून सोबत घ्या, नाहीतर ब्लॉकसाठी परत नाशिक.