२००८ ची स्विफ्ट २८ मिलिमीटर खाली: नऊ महिने आणि एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल. घरात पहिल्यापासून एकाच हाती चाललेली. काम सुरू केलं तेव्हा मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर होते आणि बजेट होतं तीस हजारांचं. पंधरा वर्षं २०२३ मध्ये पूर्ण झाली, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्यामुळे गाडी अजून काही वर्षं ठेवायची हे नक्की होतं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. गाडी खाली बसवून (लोअरिंग) चाक आणि मडगार्डमधली ती चार बोटांची पोकळी कमी व्हावी, आणि पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी डोलते ती थांबावी.

आधी चुकलेलं सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका दुकानात चारही स्प्रिंगा कापून घेतल्या. बाराशे रुपये आणि दोन तासांचं काम. पुढून गाडी जवळपास ५५ मिमी बसली. लांबून सुंदर दिसायची, आणि पहिले दोन दिवस मी खरंच खूश होतो. तिसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या पट्ट्यात, गाडी ८० च्या वेगात आदळत आदळत बाजूला सरकायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलेलं आणि नाक भलतीकडे.

असं का होतं ते नंतर समजलं. स्प्रिंगमध्ये समजा साडेचार वेढे काम करत असतील आणि त्यातला एक कापला, तर उरलेली स्प्रिंग साधारण २८ टक्के कडक होते. वेढे कमी तितकी कडक, असा साधा हिशोब आहे. शॉकअप मात्र जुनेच, मूळ स्प्रिंगेसाठी बनवलेले, वर एक लाख किलोमीटर घासलेले. स्प्रिंग जोरात उसळते आणि तिला आवरणारं कुणी नसतं. त्यात खाली यायला जागाही कमी उरलेली, म्हणून प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटतं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मागे निघाली. स्विफ्टमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपभोवती नसते, ती वेगळी बसते. पंक्चर काढायला मागची बाजू जॅकवर उचलली, चाक लोंबलं, आणि स्प्रिंग तिच्या वाटीत सैल झाली. हाताने धरून गोल फिरवता येत होती. कापलेलं टोक वाटीत नीट बसतच नव्हतं. एखाद्या उंचवट्यावरून मागचं चाक हवेत गेलं असतं तर ती जागेवरून निसटली असती. मी तिथेच रस्त्याकडेला ठरवलं की हे काढायचं. नंतर पाहिलं तर पुढच्या एका स्प्रिंगेच्या टोकाला निळसर काळा डाग होता, म्हणजे ती ग्राइंडरने नाही, गॅसने कापलेली. त्या तापाने स्प्रिंगेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतं आणि पुढे ती कधीही बसू शकते किंवा तुटू शकते.

कापलेली स्प्रिंग परत लांब होत नाही. भंगार बाजारातून मूळ मापाच्या चार जुन्या स्प्रिंगा शोधून २,४०० रुपयांना घेतल्या. म्हणजे एकूण ३,६०० रुपये पाण्यात.

यानंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांनी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, परत खाली. मग पुढच्या शॉकअपवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं, बोट तेलाने काळं झालेलं. म्हणाले, "आधी हे बघा की. स्प्रिंगच्या मागं काय लागलाय?"

पगाराच्या हिशोबाने काम दोन टप्प्यांत करावं लागलं, आणि या लेखातली सगळ्यात कामाची माहिती मला त्यामुळेच मिळाली. नोव्हेंबरात फक्त नवे शॉकअप, वरची माउंटिंगं, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) रबरी बुश आणि लिंक रॉड (गाडीचा कल रोखणाऱ्या सळईचे जोड) बदलले, आणि त्या भंगारातल्या मूळ उंचीच्या स्प्रिंगा बसवल्या. दीड महिना गाडी अशीच चालवली. गाडी एक मिलिमीटरही खाली गेली नव्हती, पण पन्हाळ्याला जाताना मला वाटलं मी दुसऱ्याच कुणाची तरी गाडी चालवतोय. ब्रेक मारल्यावर नाक डुबायचं ते थांबलं. लागोपाठच्या वळणांत एकीकडून दुसरीकडे जाताना जो उशीर व्हायचा तो गेला. मला चालवायला जे हवं होतं त्यातलं तीन चतुर्थांश इथेच मिळालं, आणि त्याला खाली करण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तुमची गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर कृपा करून ते इथे घाला.

जानेवारीत तयार लोअरिंग स्प्रिंगांचा संच आला, ११,५०० रुपयांना. या मुळातच कमी उंचीच्या आणि थोड्या कडक असतात, दोन्ही टोकं मूळ वाटीत बसतील अशी वळवलेली असतात, आणि चाक पूर्ण लोंबलं तरी स्प्रिंग दाबलेली राहते. बसवल्यावर मी मागची बाजू उचलून सगळ्यात आधी तेच तपासलं. हलवून बघितली, हलली नाही.

मोजमाप कसं घेतलं तेही सांगतो. जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ वर. असं मोजलं की टायरमधली हवा किंवा टायरची झीज मध्ये येत नाही. पुढे ३७५ चे ३४७ मिमी झाले, मागे ३७८ चे ३५३. म्हणजे पुढे २८ आणि मागे २५. नऊ महिन्यांनी परत मोजलं तर पुढे आणखी ३ मिमी बसलीय, मागे २. पहिल्या महिन्यानंतर त्यात बदल नाही.

बसवताना मिस्त्रींनी दोन गोष्टी केल्या ज्या घाईच्या गॅरेजात होत नाहीत. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावले. मग गाडी खाली चाकांवर उभी केली, दोघांनी दाबून हलवली आणि शेवटचं आवळणं तेव्हा केलं. चाक लोंबत असताना आवळलं तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. दुसरं म्हणजे पुढचे बंप स्टॉप त्यांनी धारदार सुरीने १५ मिमी कापले, स्प्रिंगेबरोबर आलेल्या कागदावर तेवढंच लिहिलं होतं. "जास्त कापू नका, हाच तुमचा शेवटचा आधार," असं म्हणाले.

किती खाली जायचं, यावर माझं मत आता पक्कं आहे. पुढे स्विफ्टसारखा मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असेल तर गाडी साधारण ३० मिमीपेक्षा जास्त खाली करू नये. वाकून लोअर आर्मकडे बघा. माझ्या गाडीत आता तो जवळपास आडवा दिसतो. कापलेल्या स्प्रिंगांवर त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं होतं. आर्म असा उलटा कलला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर, बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. मग वजन खाली येऊनसुद्धा गाडी वळणात जास्त कलायला बघते, आणि तो कल लपवायला आणखी कडक स्प्रिंग लागते. दिसायला रेसची गाडी आणि चालायला बैलगाडी, असं म्हणतात ते यामुळेच होतं.

स्प्रिंगा बदलल्या त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा, उद्यावर टाकू नका. उंची बदलली की टायरॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप, बिघडतो. कापलेल्या स्प्रिंगांवर मी सहा आठवडे अलाइनमेंटशिवाय फिरलो, तेवढ्यात पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड हाताला करवतीसारखी लागायला लागली होती. नव्या स्प्रिंगांवर एकदा बसवल्या दिवशी आणि एकदा हजार किलोमीटरनंतर केलं. आता ८,६०० किलोमीटर झाले, झीज सपाट आहे. हेडलाइटचा झोतही परत लावून घ्या, तेवढ्या कामाला कुणी पैसेसुद्धा घेत नाही.

टायर माझे १८५/७० आर१४ आहेत, झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनीकडून यायचे त्या मापाचे. व्हीएक्सआयच्या मूळ १६५/८० पेक्षा व्यासात फक्त ५ मिमी कमी. स्प्रिंगांचा खर्च वाचवायला काही जण १८५/६० घालतात. त्याने गाडी सुमारे २१ मिमी खाली येते हे खरं, पण मडगार्डची पोकळी उलट वाढते आणि स्पीडोमीटर जवळपास सात टक्के जास्त दाखवतो.

आता रोजचं. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी होता, माझा आज १४० च्या आसपास आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर पाच माणसं बसवूनही गाडी घासत नाही. पण गावाबाहेर लोकांनी स्वतः मुरूम आणि डांबर टाकून केलेले अरुंद, उभे गतिरोधक असतात, तिथे तिरकं जावं लागतं. नऊ महिन्यांत सात वेळा खाली लागलं. पाच वेळा एक्झॉस्टचा मधला जोड, दोनदा पुढच्या बंपरची खालची कड. सातपैकी सहा वेळा मागे तीन माणसं होती. चैत्रात जोतिबाला घरच्या पाच जणांना घेऊन गेलो तेव्हा मागचं सस्पेन्शन दोनदा बंप स्टॉपला टेकलं, हलकेच, पण मला कळलं. गाडी रोज भरून जात असेल तर हे काम करू नका, हे मी मनापासून सांगतो.

पावसाळ्यात रत्नागिरी रस्त्याच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत एक लिंक रॉड गेला. आतमध्ये बसणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त कळतं, विशेषतः ३०-४० च्या वेगात. ६० च्या पुढे गाडी छान बसते. आईला गुडघ्याचा त्रास आहे. तिला बसायला आणि उठायला आता दाराच्या वरच्या मुठीचा आधार घ्यावा लागतो, पूर्वी लागत नव्हता. ही गोष्ट मी आधी लक्षातच घेतली नव्हती. हल्ली तिला न्यायचं असेल तर मी गाडी फुटपाथच्या कडेला अशी लावतो की तिचा पाय उंचावरून आत येईल.

कायद्याचंही समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं. त्यामुळे ही जोखीम माझी आहे, ती कुणी हलकी समजू नये. विमा कंपनीला मी लेखी कळवलंय. त्या जुन्या मूळ मापाच्या स्प्रिंगा तेल लावून पोत्यात बांधून ठेवल्यात. २०२८ च्या तपासणीआधी त्या परत बसतील, आणि तोवर आईचे गुडघे जास्त दुखायला लागले तर त्याआधीच.

हिशोब असा: शॉकअप चारही मिळून ७,१००, माउंटिंग आणि बंप स्टॉप वगैरे २,६००, बुश आणि लिंक रॉड २,३००, स्प्रिंगा ११,५००, दोन वेळची मजुरी ४,०००, दोन अलाइनमेंट १,२००. झाले २८,७००. त्यात कापाकापीचे ३,६०० मिळवले की ३२,३००. म्हणजे कापायला गेलो नसतो तर काम तीस हजारांत बसलं असतं.

कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे उंची कमीजास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडसंचाबद्दल, बरेच जण विचारतात. चांगल्या संचाची किंमत माझ्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते, आणि स्वस्तातल्यांवर माझ्या घरच्यांना बसवायची माझी तयारी नाही. दोनच टप्प्यांत पैसे घालायचे असतील तर शॉकअप आधी घ्या, दीड महिना चालवा, मग पन्हाळ्याला एक चक्कर मारा आणि गाडी अजून खाली हवीच आहे का ते तिथून परत येताना ठरवा.