दुसरा कॅमेरा: रिको जीआर ३ घ्यावा की थांबावे?

पहिला कॅमेरा जड म्हणून वारंवार घरीच राहत असेल, तर २०१९ साली आलेल्या रिको जीआर ३ चा जरूर विचार करावा. बॅटरी व कार्डासह अवघ्या २५७ ग्रॅम वजनाच्या या कॅमेऱ्यात अनेक डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये, असतो तेवढाच, एपीएस-सी नावाच्या मोठ्या आकाराचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आहे, त्यामुळे मंद उजेडात टिपलेल्या चेहऱ्याच्या सावलीकडील बाजूचेही बारकावे टिकून राहतात. झूम मात्र नाही. विषयाच्या जवळ आपणच जायचे, आणि ही शिस्त मला मनापासून आवडते. बॅटरी सुमारे २०० छायाचित्रांपुरतीच चालते, तेव्हा जादा बॅटरी हवीच. दूरचे पक्षी किंवा मैदानी खेळ टिपायचे असतील, तर थांबावे आणि ते पैसे पहिल्याच कॅमेऱ्याच्या टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) लेन्ससाठी राखून ठेवावेत.