कोपर्निकस ब्राउझर: नॅशनल पार्कच्या कडा नीट दाखवतो, झाडांखालचं नाही

बोरिवली, मुलुंड, घोडबंदर अशा बाजूंनी शहर अंगाला भिडलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बांधकाम, रस्ते, वणवे यांनी त्याचं रूप कुठे पालटलं हे फुकटात तपासायचं, तर कोपर्निकस ब्राउझर ही उपग्रहचित्रांची युरोपीय वेबसाइट जरूर वापरावी. चित्रं सेंटिनेल-२ उपग्रहांची. एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे हेक्टरला १०० पिक्सेल. डाउनलोडसाठी मोफत खातं लागतं.

उद्यानाची हद्द केएमएल फाइलने (नकाशावरच्या रेषा साठवणारी फाइल) चढवा, एल२ए (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली चित्रं) निवडा आणि ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणा. मग तारीख. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. जून ते सप्टेंबर नुसते ढग. ऑक्टोबरात माळावरचं गवतही झाडांइतकंच हिरवं असतं. मार्चमध्ये सागाची पानं झडलेली असतात, त्यामुळे शाबूत जंगल उजाड वाटतं. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर बरा: गवत वाळलेलं, झाडांवर पानं टिकलेली. तुलनेच्या दोन्ही वर्षांत आठवडा तोच ठेवा.

दोन तारखा पिन करून कम्पेअरमध्ये पट्टी सरकवली की हद्दीलगतची नवी बांधकामं लगेच डोळ्यांत भरतात. ही सोय उत्तम आहे. मोजमापासाठी मात्र बँड ४ (लाल प्रकाश) आणि ८ (अवरक्त प्रकाश) टिफ फाइलींमध्ये उतरवून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक काढा; प्रोजेक्शन (नकाशाची मोजणी-पद्धत) ईपीएसजी ३२६४३. मूळ फाइली घेत असाल तर प्रोसेसिंग बेसलाइन, म्हणजे चित्र ज्या प्रक्रियेने तयार झालं तिची आवृत्ती, आधी पाहा. ०४.०० पासून (२५ जानेवारी २०२२) पिक्सेलच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या बेसलाइनच्या चित्राशी तुलना केली, तर जंगल घटल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. वेबसाइटवर ही सूचना ठळक हवी होती.

निर्देशांक घटल्याचे काही डाग फसवे असतात. कारवी हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळून जाते. अख्खा उतार तपकिरी होतो, त्यात कुऱ्हाडीचा हात नसतो. विहार आणि तुळशी तलावांचं पाणी उतरलं की काठची माती उघडी पडते. सरळ, अरुंद पट्टा दिसला तर ती वणवा पसरू नये म्हणून वनखात्याने काढलेली जाळरेषा असू शकते.

उलटी फसगत जास्त घातक. तोड झालेल्या कडेला घाणेरीचं (लँटाना) झुडूप माजतं आणि निर्देशांक चढाच राहतो. हिरवं म्हणजे जंगल, असं हे चित्र भासवतं. चराई, सरपणाची तोड, झाडांखालच्या पायवाटा यांतलं तर काहीच दिसत नाही. त्यासाठी हद्दीपासून १००, ३०० आणि ५०० मीटर आत असे बिंदू ठरवून, वनखात्याची परवानगी घेऊन चालत जावं आणि प्रत्येक ठिकाणी खोडं, तोडलेले बुंधे, घाणेरी आणि शेण यांची नोंद करावी.