विमानात 'शाळा' की 'दुनियादारी'?

भाची पहिल्यांदाच विमानाने निघाली आहे. सोबत मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी घ्यावी की सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी', हे तिचं ठरेना.

वेगात 'दुनियादारी' पुढे. कट्ट्यावरची टोळी, मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं, चुरचुरीत संवाद. पानं भराभर उलटतात. पण पात्रं बरीच, त्यामुळे मध्येच घोषणा झाली की धागा सुटतो.

'शाळा' सावकाश रंगते. मात्र आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी स्वतःच बोलतो, त्यामुळे चहाची ट्रॉली गेल्यावर त्याच्या गप्पांत पुन्हा चटकन शिरता येतं. त्याला आवडणारी शिरोडकर दिसावी म्हणून त्याची चाललेली धडपड वाचताना हसू आवरत नाही. शेवट दोन्हींचे चटका लावतात.

दोन तासांचा प्रवास आणि नुसता वेळ पळवायचा असेल, तर 'दुनियादारी'. लांबचा पल्ला असेल तर 'शाळा'च घे, पोरी.